लिंक्डइनवर नावाखालची ओळ आधी बदला

एमएस्सी, पीएचडी करणाऱ्या कितीतरी जणांच्या लिंक्डइनवर नावाखाली ‘स्टुडंट अ‍ॅट अमुक युनिव्हर्सिटी’ एवढंच असतं. ही हेडलाइन २२० अक्षरांपर्यंत लिहिता येते, आणि प्रोफाइल न उघडताही सर्चमध्ये नावासोबत तीच दिसते. तिथे विषय, हातात असलेली साधनं आणि हवं असलेलं काम लिहा. उदाहरणार्थ: ‘एमएस्सी मृदाशास्त्र | आर, क्यूजीआयएस | पाणलोट प्रकल्पांत काम हवं आहे’. हे इंग्रजीत लिहिलेलं बरं, कारण भरती करणारे त्याच शब्दांनी शोधतात. ‘पॅशनेट’, ‘हार्डवर्किंग’ खुशाल गाळा. ते कोण शोधतंय?

प्रोफाइलमध्ये प्रबंधाचं लांबलचक शीर्षक चिकटवू नका. काय मोजलं, कशानं मोजलं, काय निघालं ते दोन ओळींत सांगा. आकडे अप्रकाशित असतील तर आधी गाइडना विचारा.

मग विद्यापीठाच्या पेजवरचा ‘अ‍ॅल्युम्नाय’ टॅब उघडा. आपल्या विभागाचे सीनियर कुठे, कोणत्या कामावर आहेत ते तिथे सापडतं. त्यांना कनेक्शनची विनंती पाठवताना सोबत नोट, म्हणजे छोटा संदेश, जोडा. फुकटच्या खात्यावर अशा नोटा मोजक्याच मिळतात, म्हणून त्या जपून वापरा आणि थेट नोकरी मागण्याऐवजी त्यांच्या कामाबद्दल एखादा नेमका प्रश्न विचारा.