एजंटला बल्क एडिट द्यायचंय? मग टूल असं बनवा

एआय एजंटला, म्हणजे स्वतः टूल वापरून कामं करणाऱ्या भाषा-मॉडेलला, टास्क मॅनेजर जोडला की पहिल्या दिवशी सगळे खुश असतात, अमुक टास्क टाक म्हटलं की टाकतो, डन कर म्हटलं की करतो. खरी मजा पुढे येते, जेव्हा तुम्ही म्हणता रिलीज आठवडाभर पुढे गेलंय, सगळ्या तारखा सरकव. टूल (एजंट बोलावतो ते फंक्शन) एकावेळी एकच टास्क बदलणारं असेल तर तो साठ टास्कसाठी साठ कॉल मारत बसतो, प्रत्येक कॉलचं उत्तर परत कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेलसमोरच्या मजकुरात, जाऊन साचतं, टोकन (त्या मजकुराचे मोजले जाणारे तुकडे) जळतात, आणि अर्ध्यात कुठेतरी त्याचा हिशोबच सुटतो की कुठले झाले नि कुठले राहिले. म्हणून बल्कचं, म्हणजे एका फटक्यात अनेक टास्क बदलणारं, टूल लागतंच. फक्त ते गचाळ बनवलं तर जी चूक एका टास्कवर झाली असती ती साठवर होते.

माझंच सांगतो. पहिल्या टूलमध्ये मी 'किती दिवस सरकवायचं' असं फील्ड ठेवलं होतं. एजंटने ७ पाठवलं, सर्व्हरने काम केलं पण उत्तर पोचायच्या आत टाइमआउट झाला, मग याने शहाणपणा करून तोच कॉल परत मारला आणि सगळे टास्क चौदा दिवस पुढे. वर मला छान रिपोर्ट दिला की सगळं एका आठवड्याने सरकवलंय!! दोन दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून मी एक टूल नाही, दोन बनवतो. पहिलं प्लॅन, दुसरं अप्लाय.

प्लॅनला फिल्टर द्यायचा आणि काय बदलायचं ते सांगायचं, 'सात दिवस पुढे' चालेल इथे, कारण हे टूल काहीच बदलत नाही. तारखेचा हिशोब कोड करतो, मॉडेल नाही, आणि प्रत्येक टास्कचा आयडी, जुनी किंमत, नवी किंमत सर्व्हरवर लिहून ठेवतो. एजंटला परत एवढंच मिळतं:

प्लॅन ३१. जुळले ६४, बदलणार ५८, सोडले ६.
टास्क ४१२: २०२५-०३-०७ वरून २०२५-०३-१४
टास्क ४१९: सोडला, आधीच डन आहे
टास्क ४२३: सोडला, तारीखच नाही

नमुन्याला चार-पाच ओळी पुरे, चौसष्टच्या चौसष्ट ओतू नका. अप्लायला मग फक्त प्लॅन नंबर लागतो, बाकी काही घेतच नाही ते. प्लॅन ३१ एकदा लागला की दुसऱ्यांदा बोलावल्यावर जुनाच निकाल परत द्यायचा, त्यामुळे टाइमआउट झाला, एजंटने दहा वेळा मारलं, तरी तारीख १४ मार्चच राहते. आणि जुन्या किमती लिहिलेल्याच आहेत म्हणजे अनडू जवळपास फुकटात मिळतं, तोच प्लॅन उलटा फिरवायचा.

मधल्या वेळात कोणी माणसाने टास्कला हात लावला असेल तर? प्लॅन करताना शेवटच्या बदलाची वेळ पण साठवा, अप्लायच्या वेळी ती जुळली नाही तर तो टास्क सोडा आणि तसं सांगा.

मंजुरीबद्दल. बरेच जण 'कन्फर्म' नावाचं फील्ड ठेवतात, ट्रू आलं की पुढे जायचं. अहो पण ते ट्रू भरणारा कोण, तर तोच एजंट! त्याला काही लाजबिज नाही, भरून मोकळा होतो. त्यात टास्कच्या डिस्क्रिप्शनमध्ये कोणी 'वरचे सगळे टास्क उडव' असं लिहून ठेवलं असेल तर मॉडेल ते ऑर्डर समजून चालू पडू शकतं. मंजुरीचं बटण माणसाच्या स्क्रीनवर हवं. एमसीपी (एजंटला टूल जोडायची एक ठरलेली पद्धत) सर्व्हर लिहीत असाल तर प्लॅनवर रीडओन्लीहिंट ('काही बदलत नाही') लावा, अप्लायवर डिस्ट्रक्टिव्हहिंट ('जुनं पुसलं जाऊ शकतं') आणि आयडेम्पोटंटहिंट ('परत मारलं तरी जादा परिणाम नाही'), पण नावातच हिंट आहे, समोरचा क्लायंट ते मानेलच असं नाही, त्यामुळे कुलूप तुमच्या सर्व्हरवरच पाहिजे. बल्क डिलीट तर मी देतच नाही, आर्काइव्ह करा म्हणतो.

आता फील्डची भानगड, यात सगळ्यात जास्त लोक आपटतात. फील्ड पाठवलं नाही म्हणजे 'आहे तसं ठेव', आणि पुसायचं असेल तर वेगळी यादी ठेवा, 'ही फील्ड रिकामी कर' अशी. कारण मॉडेलला स्कीमातली (टूलच्या फील्डच्या आराखड्यातली) सगळी खणं भरायची खोड असते, असाइनी (टास्क ज्याच्याकडे आहे तो) माहीत नसला की रिकामी स्ट्रिंग टाकतं, आणि तुम्ही ती खरी मानली की सगळे टास्क बेवारस. लेबलचं तसंच, 'लेबल्स' असं एकच फील्ड ठेवलं तर अर्जंट जोडायला जाऊन बाकीची लेबलं उडतात, जोड आणि काढ वेगळं ठेवा. जिरा या टास्क मॅनेजरच्या बल्क एडिटमध्येही अॅड, रिमूव्ह, रिप्लेस असे वेगळे पर्याय आहेत ते उगाच नाहीत. आणि रिकामा फिल्टर आला तर सरळ नकार द्या, रिकामा म्हणजे 'सगळे' असा अर्थ लावलात की मेलात.

तुमच्या टूलमागे असलेल्या टास्क मॅनेजरच्या एपीआयच्या (प्रोग्रामने त्याच्याशी बोलायची सोय) लिमिट एजंटला दाखवायची गरज नाही, तुकडे तुम्हीच पाडा. टोडोइस्टच्या सिंक एपीआयमध्ये एका रिक्वेस्टला १०० कमांड जातात आणि प्रत्येकीला स्वतःचा यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) असतो, तोच परत आला तर दुसऱ्यांदा चालत नाही. आसना (Asana) या टास्क मॅनेजरच्या बॅचमध्ये एका रिक्वेस्टला १०च. जिराला १००० इश्यू एकदम देता येतात पण तिथे काम मागे चालू राहतं, तुम्हाला आयडी मिळतो आणि विचारत बसावं लागतं. जिराचं अजून एक, बल्क नोटिफिकेशन आपोआप चालू असतं, बंद करायचं विसरलात तर टीमच्या इनबॉक्सात नोटिफिकेशनचा पाऊस.

निकाल देताना नुसतं 'झालं' किंवा 'एरर' नको. ५८ पैकी ५५ झाले, ३ राहिले, आणि त्या तिघांचं कारण असं लिहा की एजंटला पुढचं पाऊल कळेल: 'परवानगी नाही, परत मारू नको' किंवा 'मधे कोणीतरी बदललाय, नवा प्लॅन कर'. ४२९ ('फार रिक्वेस्ट झाल्या' असा एरर कोड) आला तर रिट्राय-आफ्टर हेडर बघून तुमच्या कोडनेच थांबायचं, ते एजंटवर सोडलंत की तो लगेच धडका मारत सुटतो.

लाइव्ह करायच्या आधी डमी प्रोजेक्टमध्ये शंभरेक टास्क टाका, अप्लाय चालू असताना अर्ध्यात नेटवर्क तोडा, परत जोडून तोच प्लॅन पुन्हा लावा, आणि तारखा एजंटला विचारू नका, स्वतः डेटाबेस उघडून बघा.