बाण सारखा डावीकडेच का जातो? नव्या तिरंदाजांनो, या चुका टाळा

"बाण सगळे डावीकडे जाताहेत, साइट बिघडली असेल का?" रविवारी सकाळी मैदानावर नव्या मंडळींकडून हाच प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. हातात ॲलन की (साइट सरकवायची षटकोनी किल्ली) आधीच असते. मी ती खिशात ठेवायला सांगतो. साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, क्वचितच बिघडलेली असते. डावीकडे जाण्याची कारणं धनुष्य विकत घेण्याच्या दिवसापासून सुरू होतात, म्हणून तिथूनच सांगतो. (हे सगळं उजव्या हाताने ओढणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.)

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) वैयक्तिक विश्वविजेते झाले. ओजसने अंतिम लढतीत दीडशेपैकी दीडशे मारले. तेव्हा सरावाला दोघंही साताऱ्यातच होते. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्हमध्ये (चाकं नसलेलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला होता. या मुलांना पाहून लोक धनुष्याकडे वळतात, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त त्यातले बरेच जण मैदानावर यायच्या आधीच ऑनलाइन धनुष्य घेऊन मोकळे झालेले असतात, आणि ते जवळजवळ नेहमीच जड असतं.

जड धनुष्य ही पहिली चूक

लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, ३० पाउंड (ताणायला लागणारं वजन) लिहिलेलं असतं. रोज जिमला जाणाऱ्या माणसाला वाटतं, ३० पाउंड म्हणजे जेमतेम साडेतेरा-चौदा किलो, त्यात काय? पण हे वजन पाठीच्या आणि खांद्यामागच्या अशा स्नायूंनी धरायचं असतं, ज्यांना असं काम कधी पडलेलंच नसतं. शिवाय ते एकदा उचलून ठेवून देता येत नाही. दोन तासांत शंभरेक वेळा ताणायचं, आणि दर वेळी हनुवटीखाली आणून स्थिर ठेवायचं असतं.

जड धनुष्य हातात असलं की काय होतं ते बाजूला उभं राहून पाहा. माणूस कंबरेतून मागे झुकतो, पुढचा खांदा कानाकडे चढतो, दोरी हनुवटीपर्यंत यायच्या आत बोटं सुटतात. सुटताना हात सरळ मागे न जाता चेहऱ्यापासून बाहेर फेकला जातो. यालाच प्लकिंग म्हणतात. त्या वेळी दोरी उजवीकडे ओढली जाते, बाणाचं शेपूट उजवीकडे आणि टोक डावीकडे. तुमच्या डाव्या बाणांपैकी निम्मे इथे असू शकतात.

मोठ्या माणसाने १८ ते २४ पाउंडांत सुरुवात करावी, बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी १४-१६ मध्ये. धनुष्य झेपतं का, हे बघायची माझी पद्धत साधी आहे: बाण लावून टार्गेटसमोर उभं राहायचं, पूर्ण ताणून अँकरला, म्हणजे हनुवटीखालच्या ठरलेल्या जागी, आणायचं, मनात सावकाश दहा अंक मोजायचे आणि न सोडता हळू खाली यायचं. असं पाच वेळा जमलं, पाचव्या वेळीही हात थरथरला नाही, तर धनुष्य तुमचं. बाण लावायचा तो चुकून दोरी सुटली तरी रिकामी सुटू नये म्हणून. रिकाम्या धनुष्याची दोरी सोडली की सगळी ऊर्जा लिम्बमध्येच जिरते आणि लिम्ब चिरतात. कंपाउंडमध्ये तर दोरी कॅमवरून (टोकाच्या चाकावरून) उडून, तुकडे होऊन इजा होते. घरी आलेल्या पाहुण्यांच्या हातात धनुष्य देताना हे आधी सांगा.

लिम्बवरचा आकडा २८ इंच ड्रॉ लेंग्थ (ओढीची लांबी) धरून, आणि बहुतेक करून २५ इंची रायझरवर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) मोजलेला असतो. तुमची ओढ २६ इंच असेल तर साधारण इंचामागे दोन पाउंड कमी होतात, म्हणजे २४ चे २० पडतात. उलट तेच लिम्ब २३ इंची रायझरवर चढवले तर दोनेक पाउंड वाढतात. दुकानदाराला आकडा सांगण्याआधी स्वतःची ओढ मोजून घ्या. दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे इंच मोजायचे आणि अडीचने भागायचं. अंदाजाला तेवढं पुरतं.

माझा स्पष्ट सल्ला: पहिले सहा महिने काहीच घेऊ नका. क्लबचं धनुष्य वापरा. पैसे खर्चायचेच असतील तर बोटाच्या मापाचा फिंगर टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांचं आवरण), आर्मगार्ड आणि चेस्ट गार्ड घ्या. या तीन वस्तू स्वतःच्याच हव्यात.

कोणता डोळा नेम धरतो?

दोन्ही हात समोर लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरचं घड्याळ पाहा. आता डावा डोळा मिटा. घड्याळ तिथेच दिसलं तर उजवा डोळा मुख्य, गायब झालं तर डावा.

उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावा डोळा मुख्य असला, तर दोरी उजव्या डोळ्यासमोर आणि नेम डाव्याने, असं होतं. मग बाण थोडाथोडका नाही, टार्गेट सोडून डावीकडे जातो. अशा माणसाने साइट कितीही फिरवली तरी समाधान होत नाही, कारण मधूनच उजवा डोळा ताबा घेतो आणि पुढचा बाण वेगळीकडे. अगदी नवीन असाल तर मुख्य डोळ्याच्या बाजूचं धनुष्य धरा, चार दिवस अवघडल्यासारखं होईल तेवढंच. आधीच वर्षभर उजव्या हाताने खेळला असाल तर डाव्या डोळ्यासमोर टोपीला किंवा चष्म्याला अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावून चालवता येतं. ही तपासणी रायझर घेण्याआधी करा, कारण उजवा रायझर डाव्या हाताला बदलून मिळत नाही.

बाण धनुष्याला जुळतो का?

इथे जरा थांबायला हवं, कारण लोक धनुष्यावर महिनाभर विचार करतात आणि बाण मात्र जे मिळतील ते घेतात. खरं तर उलट करायला हवं. साध्या धनुष्यातून जुळलेले बाण चांगले जातात. महागड्या धनुष्यातून न जुळणारे जात नाहीत.

बोटांवरून दोरी सुटते तेव्हा ती किंचित बाजूला सरकून पुढे जाते. त्या धक्क्याने बाण वाकतो, माशासारखा वळवळत रायझरला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. किती वाकायचं हे त्याच्या स्पाइनवर ठरतं. २८ इंचांच्या अंतरावर टेकू देऊन मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगलं, तर बाण एक इंचाचे किती हजारांश भाग खाली झुकतो, तो आकडा म्हणजे स्पाइन. म्हणून ५०० चा बाण ताठ आणि १००० चा लवचिक. आकडा मोठा म्हणजे बाण कडक, असा उलटा समज फार जणांचा असतो.

२०-२२ पाउंडांच्या धनुष्याला साधारण १००० च्या आसपासचा किंवा त्याहून लवचिक बाण लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे संच बहुधा ५०० चे असतात. ते चाळीस पाउंडांच्या घरातल्या रिकर्व्हचे बाण. हलक्या धनुष्यात असा बाण वाकतच नाही, रायझरला घासून 'टक' असा आवाज करतो आणि डावीकडे जातो. बाण लवचिक पडला तर उजवीकडे. बाण कापून आखूड केला की ताठ होतो, टोकाचं वजन वाढवलं की मऊ. म्हणून नवीन माणसाने बाण कधीच आखूड घेऊ नये. ओढ अजून पक्की झालेली नसते, पाठ उघडायला लागली की इंच-दीड इंच वाढते, आणि आखूड बाण रेस्टवरून (बाण टेकवायच्या आधारावरून) मागे येऊन हातात घुसू शकतो. पूर्ण ताणल्यावर टोक रेस्टच्या पुढे दोनेक इंच राहायला हवं.

नॉकही, म्हणजे बाणाच्या शेपटाची दोरीत अडकणारी खाच, तपासा. दोरी आडवी धरून बाण तिला लावून खाली लोंबकळू द्या. तो स्वतःच्या वजनाने पडला नाही पाहिजे, पण दोरीवर टिचकी मारली की सुटला पाहिजे. तीन पिसांपैकी वेगळ्या रंगाचं पीस रायझरपासून लांब, बाहेरच्या बाजूला. हे चुकलं तर पीस रेस्टवर आपटतं.

दोरी हाताला लागते, बाण रेस्टवरून पडतो

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला काळानिळा पट्टा उमटला की लोक जाड आर्मगार्ड घेतात. आर्मगार्ड हवाच, पण दोरी लागते ती कोपर फिरलेला नसल्यामुळे. रिकाम्या हाताने भिंतीला पंजा टेकवा. पंजा न हलवता कोपराचं टोक खालून बाहेरच्या बाजूला वळवायला शिका. दाराच्या चौकटीशी रोज पाच मिनिटं केलं तर आठवड्यात जमतं. दोरी आणि हात यांत जागा होते. दुसरं कारण ब्रेस हाइट कमी असणं, म्हणजे दोरी रायझरच्या फार जवळ असणं. ६८ इंची धनुष्याला साधारण साडेआठ ते सव्वानऊ इंच हवी. कमी असेल तर दोरी काढून पीळ वाढवा. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणली जाते, त्यामुळे रोज मोजा.

मूठ आवळणं हे त्याच घरातलं दुखणं. धनुष्य सायकलच्या हँडलसारखं धरलं की सुटताना ते वळतं. अंगठ्याखालच्या मांसल भागावर ग्रिप टेकवायची, बोटांची पेरं ४५ अंशात तिरकी आणि बोटं सैल. "मग धनुष्य पडेल ना?" पडेल, म्हणून फिंगर स्लिंग (धनुष्य बोटांना अडकवणारी दोरी) बांधायचा. बुटाची जुनी नाडीही चालते. स्लिंगशिवाय कुणाचीच मूठ सैल होत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्याच दिवशी नाडी बांधून देतो.

ताणताना बाण रेस्टवरून बाहेर पडत असेल तर रेस्ट वाकवू नका. तर्जनी आणि मधलं बोट नॉकला चिमटीत धरतात आणि हात आवळला जाऊन दोरीला पीळ बसतो, म्हणून बाण सरकतो. दोरी बोटांच्या पहिल्या पेराच्या खोबणीत घ्या, टोकांवर नको. मनगट आणि हाताची पाठ सपाट. मधे स्पेसर (दोन बोटांमध्ये अंतर ठेवणारा तुकडा) असलेला टॅब मिळाला तर उत्तम.

आता टार्गेटकडे पाहू

एका बाणावरून काहीच ठरवू नका. दहा मीटरवर सहा-सहा बाणांचे तीन फेरे मारा आणि अठराही बाण कुठे लागले ते वहीत टिपा. बाण सगळीकडे विखुरले असतील तर साइटला हात लावण्यात अर्थ नाही, अँकर दर वेळी बदलतोय. तर्जनी जबड्याच्या हाडाखाली, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या टोकाला टेकलेली, दात मिटलेले. तोंड जरासं उघडलं तरी जबडा आणि त्याबरोबर नॉक खाली येतो आणि बाण वर जातो. बाण सोडताच तो कुठे लागला हे पाहायला मान पुढे काढली, तर धनुष्याचा हात खाली पडतो आणि बाणही खाली. बाण टार्गेटमध्ये रुतल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच ठेवायचा.

अठराही बाण एकत्र पण डावीकडे असतील, तर क्रमाने पाहा: डोळा, मूठ, प्लकिंग, मग स्पाइन. हे चारही ठीक असतील तरच ॲलन की बाहेर काढा. साइट बाणाच्या मागे जाते: बाण डावीकडे तर साइट डावीकडे, बाण वर तर साइट वर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा अठरा बाण मारा. ब्रेस हाइट, रेस्ट आणि साइट एकाच सकाळी फिरवलेल्यांना दुपारी नक्की कशाने काय झालं हे सांगता येत नाही. महिनाभराची मेहनत अशी वाया जाताना पाहून खरंच वाईट वाटतं.

क्लिकर (ओढ पूर्ण झाली की आवाज करणारी पट्टी) आणि लांब स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) यांचा विचार ३० मीटरवर बाणांचा नीट ग्रुप यायला लागल्यावर करावा. इंडियन राउंड खेळणारी आपल्याकडची मुलं बांबू-लाकडाच्या धनुष्याने, साइटशिवाय ३० आणि ५० मीटरवर खेळतात. त्यांचा अँकर तासभर शेजारी उभं राहून पाहिला तर बरंच शिकायला मिळतं.

पावसाळा, ऊन आणि बाण काढणं

रिकर्व्हची दोरी रोज चढवायची आणि रोज उतरवायची, तीही स्ट्रिंगर (दोरी चढवायचं साधन) लावूनच. पायात अडकवून चढवली की लिम्बला पीळ बसतो. (कंपाउंडची उतरवायची नसते, त्याला बो प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरणारं यंत्र, लागतो. घरी प्रयत्न करू नका.) एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत धनुष्य ठेवलं तर लिम्बचे थर सुटू शकतात. पावसाळ्यात दोरीला आठवड्याला मेण लावा आणि ओलं धनुष्य बॅगेत बंद करू नका.

गच्चीवर सराव करू नका. २० पाउंडांचा बाणही शंभर मीटरच्या पुढे जातो, आणि सोसायटीच्या गच्चीपलीकडे कुणीतरी कपडे वाळत घालत असतं. ताणताना बाणाचं टोक टार्गेटच्या वर कधीच जाऊ नये.

बाण काढताना एक हात टार्गेटवर बाणाजवळ सपाट दाबायचा, दुसऱ्याने बाण मुळाशी धरून सरळ मागे ओढायचा. मागे कुणी उभं नाही ना, हे आधी पाहायचं. नॉकच्या टोकाने डोळ्याला इजा होते. घट्ट बसला असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून धरा. दुसऱ्या बाणाची धडक बसलेला किंवा लोखंडी स्टँडवर आपटलेला कार्बन बाण कानाशी धरून हलकेच वाकवून, फिरवून पाहा. 'कर्र' असा बारीक आवाज आला किंवा बोटाला चीर जाणवली, तर तो तिथेच मोडून टाका. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या सळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. संचातला एक बाण कमी झाला तर पाच बाणांचा फेरा मारा.