मे महिन्यात मुंबईला येताय? जीन्स घरीच ठेवा
पुण्या-नाशिककडच्यांना वाटतं ३३-३४ डिग्री म्हणजे काय, आपल्याकडे तर ४० असतं, पण इथे घाम वाळतच नाही हो, तिथेच सगळी गोची होते. जाड जीन्स, पॉलिस्टर टीशर्ट अजिबात नको, सैल कॉटन किंवा मलमलचे कुर्ते आणा आणि दिवसाला दोन जोड धरा, कारण रात्री धुतलेलं सकाळपर्यंत दमटच राहतं. गडद निळा नाहीतर पांढरा, राखाडीवर घामाचे डाग लगेच दिसतात (अनुभव!). मांड्या घासतात त्यांनी पावडर विसरू नका. एसी लोकलसाठी पातळ ओढणी, मोठा नॅपकिन, पाण्याची बाटली. पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो तरी मेअखेरीस एखादी सर पडतेच, फोल्डिंग छत्री असूद्या.