चरित्रात ‘पहिले’ दिसलं की थांबा: सरळसेवेची तयारी करणाऱ्या गावाकडच्या पोरापोरींसाठी

तलाठी असो, वनरक्षक असो की राज्यसेवा, व्यक्तिविशेषांवरचे प्रश्न येतातच. जन्मसाल, गाव, ग्रंथ, संस्था तुम्ही पाठ करालच, ते मी सांगत बसत नाही. माझा जीव जिथं सर्वांत जास्त मेटाकुटीला आला, तेवढंच सांगतो.

पंजाबराव देशमुख घ्या. जन्म १८९८, पापळ, जिल्हा अमरावती. आपल्याकडे फलकांवर, भाषणांत, गाईडात एकच ओळ: भारताचे पहिले कृषिमंत्री. पण ऑगस्ट १९४७ च्या मंत्रिमंडळात अन्न व कृषी खातं राजेंद्र प्रसादांकडे होतं, त्यांच्यानंतर जयरामदास दौलतराम आणि मग कन्हैयालाल मुन्शी आले. भाऊसाहेब, म्हणजे पंजाबराव, केंद्रात कृषिमंत्री झाले ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १९५२ ला. यानं त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. अमरावतीची शिवाजी शिक्षण संस्था तर त्यांनी मंत्री होण्याच्या कितीतरी आधी उभी केली. पण पर्यायांत राजेंद्रबाबू आणि भाऊसाहेब दोघंही आले, की नुसती पाठ केलेली ओळ कामाची राहत नाही.

मुख्यमंत्र्यांचंही तेच. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले, १ मे १९६० पासून. पण द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री ते १९५६ लाच झाले होते. त्याआधी आपला विदर्भ मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. यशवंतरावांनंतर मुख्यमंत्री झालेले कन्नमवार पदावर असतानाच १९६३ ला वारले. त्यांच्यानंतर थेट गहुलीचे वसंतराव नाईक, असं बरीच पुस्तकं छापतात. मधले काही दिवस पी. के. सावंत होते. म्हणून नाईकसाहेब तिसरे की चौथे, हे पुस्तकागणिक बदलतं.

कलावंतांत साल घोटाळा करतं. सिनेमासाठीचा पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार अभिनेत्री देविका राणींना, १९६९ या वर्षासाठीचा. वहीत पुरस्काराचं वर्ष लिहा, सोहळ्याचं नाही.

तर वहीत ‘पहिले’ लिहिलं की त्याच ओळीत तीन गोष्टी हव्यात: कशाचे, कधीपासून, त्याआधी कोण. पंजाबरावांपुढे माझ्या वहीत आहे: ‘केंद्रीय कृषी, १९५२ पासून, आधी रा. प्रसाद, ज. दौलतराम, क. मुन्शी’. या तीन गोष्टी नसतील तर ते टिपण फाडून टाका.

मोबाईलवर फिरणाऱ्या एका ओळीच्या नोट्सवर माझा काडीचाही विश्वास नाही. ‘एवढंच पाठ करा, बाकी सोडा’ म्हणणाऱ्या सरांवर तर त्याहून नाही. मात्र घाबरू नका. यासाठी पुण्यात खोली करायची गरज नाही. शाळेची जुनी पाठ्यपुस्तकं आणि मराठी विश्वकोश, एवढ्यावर गावच्या वाचनालयात बसून हे सगळं होतं. विश्वकोश तर मोबाईलवरही फुकट वाचता येतो. वेळ लागतो, पण होतं.

आणि एवढं करूनही उत्तरतालिकेत चुकीचं उत्तर दिसलं, तर चरफडत बसू नका. मुदतीच्या आत हरकत घ्या, आणि सोबत पाठ्यपुस्तकाचं किंवा विश्वकोशाचं पान जोडा, गाईडाचं नको.