उबंटू स्टुडिओसाठी नवख्या पोरांना समजेल अशी मदत कशी लिहायची

आमच्या कुडाळकडे भजन, डबलबारी, दशावतार म्हटलं की पेटी वाजवणारं पोरगं दर वाडीत सापडतं, रेकॉर्डिंग मात्र मोबाईल समोर ठेवून. घरात जुना लॅपटॉप पडून असतो, त्यावर उबंटू स्टुडिओ ही विंडोजसारखी पण फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली की आर्डर (रेकॉर्डिंगसाठी), ऑडॅसिटी (आवाज कापायला-जोडायला), केडेनलाइव्ह (व्हिडिओसाठी), गिंप (फोटोसाठी) सगळं एकदम मिळतं, एक पैसा न देता आणि चोरीचं सॉफ्टवेअर न वापरता. अडतं ते पहिल्या दिवशी, शेजारी सांगणारं कोणी नसतं म्हणून. मंडळातल्या पोरांसाठी मी ही मदत लिहितो, तुम्हालाही लिहायची असेल तर माझ्या अनुभवातून सांगतो.

आधी एक काम ठरवा. "उबंटू स्टुडिओची ओळख" असा विषय घेऊ नका, "पेटी आणि गाणं रेकॉर्ड करून फाईल मोबाईलवर घ्यायची" असा घ्या, आणि या कामाला जे लागत नाही ते कितीही आवडतं असलं तरी काढून टाका. कर्नल (सिस्टीमचा गाभा), टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) हे पुढच्या पानांवर येऊ दे.

पानाच्या डोक्यावर आवृत्ती लिहा. हे मी अगदी हट्टाने सांगतो, कारण २००७ पासून उबंटू स्टुडिओ चालू आहे आणि मधे खूप बदललंय: २०.०४ या आवृत्तीपर्यंत डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरची मांडणी, एक्सएफसीई नावाची होती, २०.१० पासून केडीई प्लाझ्मा आली, आवाज इकडून तिकडे नेण्याचं काम आधी जॅक या प्रोग्रामकडे होतं ते आता पाइपवायर या प्रोग्रामकडे आहे. जुन्या पानातलं बटण पोराला स्क्रीनवर दिसलं नाही की त्याला वाटतं आपलंच चुकलं, आणि तो लॅपटॉप बंद करून टाकतो.

इन्स्टॉल करायचं पान लिहिताना आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघायला सांगा, त्यात हार्ड डिस्कला हात लागत नाही. डिस्क पुसली जाईल ही सूचना त्या पायरीच्या आधी लिहायची, नंतर नाही, माणूस माउसवर बोट ठेवूनच वाचत असतो हो. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यात असतील तर ते परत आणायचे कुठून?

आता खरी गंमत रेकॉर्डिंगच्या पानाची, इथे वेळ घालवा. मी पहिल्यांदा नुसतं "रेकॉर्ड दाबा" लिहिलं होतं. एका पोराला ते पान देऊन मी बाजूला गप्प बसलो, त्याने ट्रॅकवरचं लाल बटण दाबलं, अख्खा अभंग म्हटला आणि मग विचारतो, "दादा, आवाज खय गेलो?" आर्डरमधे ट्रॅकचं लाल बटण वेगळं, वरचं मोठं लाल बटण वेगळं, आणि दोन्ही दाबल्यावर प्लेसुद्धा दाबावं लागतं. आता मी तिन्ही पायऱ्या वेगळ्या लिहितो आणि प्रत्येकीपुढे काय दिसायला पाहिजे तेही लिहितो, म्हणजे "पेटीचा सूर धरला की ट्रॅकवरचा मीटर हलतो, हलला नाही तर पुढे जाऊ नका, इनपुट कुठला निवडलाय ते बघा". पुढची पायरी सगळेच लिहितात, दिसणारी खूण मात्र राहून जाते.

लेटन्सी, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून यायला लागणारा उशीर, समजवताना आकडा नुसता फेकू नका. लॅपटॉप आवाजाचे किती तुकडे एकत्र गोळा करून पुढे पाठवतो तो बफर, आणि सेकंदाला किती तुकडे घेतो तो सॅम्पल रेट. बफर १०२४ आणि सॅम्पल रेट ४८००० असेल तर एका बफरचा उशीर साधारण २१ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात हवेतून आवाज ७ मीटर जातो. म्हणजे पखवाज मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसवल्यासारखं झालं, ताल घसरणारच. बफर २५६ केला की तोच उशीर ५ मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पखवाजवाला जवळ आला. आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंतचा एकूण उशीर याहून जास्त असतो, पण अंदाज यायला एवढं पुरतं. बफर फार कमी केला आणि लॅपटॉप जुना असला की आवाजात कटकट येते, तेव्हा तो एक पायरी वाढवायचा, हेही तिथेच लिहा. आणि हेडफोन लावायला सांगा, स्पीकर चालू असला तर माइकमधे तोच आवाज परत शिरतो.

स्क्रीनवरचे शब्द मराठीत बदलू नका. मेनूत "सेशन" असेल तर "सेशन"च लिहा, "सत्र" लिहिलंत तर पोरगं मेनूभर शोधत बसेल. बाकी बोली कितीही घरची असू दे.

फाईल पाठवायचा भाग बरेच जण विसरतात. आर्डरचं सेशन म्हणजे अख्खा फोल्डर असतो, त्यातली एकच आर्डरची फाईल व्हॉट्सअॅपवर पाठवली तर समोरच्याकडे आवाज जात नाही कारण रेकॉर्डिंग आतल्या फोल्डरमधे असतं. ऐकायला द्यायचं असेल तर एक्सपोर्ट करायचं, पुढे काम करायला द्यायचं असेल तर पूर्ण फोल्डर. आणि आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर प्रत्येक टेकनंतर (एकदा रेकॉर्ड करून झालं की) कंट्रोल एस दाबून सेव्ह करा, ही ओळ ठळक करा.

लिहून झालं की कागदावर छापा, वाडीत रेंज असेलच असं नाही. कडेला मोकळी जागा सोडा, पोराच्या हातात पेन्सिल द्या, जिथे अडेल तिथे खूण कर म्हणावं आणि तुम्ही मधे बोलू नका. "हय माका कायच दिसणा नाय" असं म्हणाला तरी लगेच बोट दाखवू नका, खूण होऊ दे. मग खुणा असलेल्या ओळी आधी बदला आणि नवीन कागद दुसऱ्या पोराला द्या, पहिल्याला आता सगळं पाठ झालेलं असतं.