शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर शेजाऱ्यांची बैठक कशी बसवावी

दादरच्या शिवाजी पार्कवर आपल्या इमारतीतील किंवा गल्लीतील मंडळींनी आठवड्यातून एकदा भेटावे, असे मनात असेल, तर पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती ही की, अशा बैठकीसाठी मैदान नव्हे, तर मैदानाभोवतीचा कट्टा उपयोगाचा असतो. सुमारे २८ एकरांच्या या मैदानाला वेढणारा तो ठेंगणा कठडा एक किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा असून, त्यावर बसायला वर्गणी लागत नाही की अर्ज करावा लागत नाही. मुंबई महापालिकेने १९२५ मध्ये हे मैदान लोकांसाठी खुले केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. पुढे येथे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या आणि क्रिकेटपटूंच्या पिढ्या घडल्या. पण रोजच्या रोज येथे जो जमाव असतो, तो मुख्यतः कट्ट्यावरचाच.

जागा निवडताना घाई करू नये. वीर सावरकर मार्गाच्या बाजूला वाहनांचा आवाज इतका असतो की, कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांना बोलणे समजत नाही. केळुसकर मार्गाकडची बाजू त्या मानाने शांत आहे. जागा एकदा ठरली की ती बदलू नये, कारण उशिरा येणारा माणूस फोन न करता थेट तेथेच यायला हवा. मात्र तेथे आधीपासून बसणारी मंडळी असतील, तर त्यांना विचारूनच शेजारी बसावे. कट्ट्यावर कोणाची मालकी नसली, तरी वर्षानुवर्षांची सवय असते आणि ती मोडणाऱ्याकडे कोणी प्रेमाने पाहत नाही.

आमच्या पहिल्या बैठकीला आम्ही हौसेने प्लॅस्टिकच्या खुर्च्या नेऊन त्या मैदानात गोल मांडल्या होत्या. दहाव्या मिनिटाला एक चेंडू चहाच्या थर्मासवर येऊन आदळला, आणि तो न्यायला आलेल्या मुलाने अतिशय अदबीने विचारले, "काका, तुम्ही आमच्या मिडविकेटला का बसलाय?" तेव्हापासून आम्ही कट्ट्यावर बसतो आणि सोबत जुनी वर्तमानपत्रे नेतो. उन्हाळ्यात त्या कठड्याची ऊब दिवेलागणीपर्यंत जात नाही, आणि मैदानातील तांबडी धूळ पांढऱ्या लेंग्यावर बसली की, घरी कुठे गेला होतात हे कोणाला विचारावे लागत नाही.

वेळ सायंकाळी सहाच्या सुमाराची ठेवावी. सकाळी फेऱ्या मारणारे इतके असतात की, कट्ट्यावरून खाली सोडलेले पायही त्यांच्या वाटेत येतात. एका ओळीत आठ-दहा जण बसले की टोकाच्या दोघांना एकमेकांचे ऐकू येत नाही, म्हणून काहींनी बसावे व काहींनी समोर उभे राहावे, आणि गुडघ्यांची तक्रार नसलेल्यांनी उभे राहण्याची पाळी आपण होऊन घ्यावी.

ध्वनिक्षेपक तर दूरच, पण गाण्यांसाठी छोटा स्पीकरही आणू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आहे, आणि भोवतालच्या रहिवाशांनी त्यासाठी बरेच सोसले आहे. मंडप, फलक किंवा मंच लागेल असा कार्यक्रम करायचा असेल, तर महापालिकेच्या जी-उत्तर विभाग कार्यालयात आधी चौकशी करावी. माझ्या मते, परवानगी लागेल इतका मोठा घाट शेजाऱ्यांच्या भेटीसाठी घालूच नये.

१ मे रोजी येथे महाराष्ट्र दिनाचे संचलन असते, दसऱ्याला मेळावा असतो, आणि ६ डिसेंबरला जवळच्या चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांची सोय याच मैदानात केली जाते. त्या दिवशी आणि तयारी सुरू असते त्या आधीच्या दिवसांत बैठक कोणाच्या तरी घरी ठेवावी. पावसाळ्यात कट्टा सुकेपर्यंत वाट पाहणे व्यर्थ असते. तेव्हा छत्र्या घेऊन एक फेरी मारावी, बोलायचे ते चालता चालता बोलावे, आणि निघताना चहाचे कागदी पेले आपल्याच पिशवीत भरून न्यावेत.