वणव्याच्या धुराचा माग उपग्रहचित्रांवरून कसा काढावा

धुराचा माग काढण्याची सुरुवात आगीपासून करावी. नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’ या विनामूल्य संकेतस्थळावर तारीख निवडून नैसर्गिक रंगांतील चित्र उघडावे आणि त्यावर उपग्रहांवरील व्हीआयआयआरएस संवेदकाने टिपलेले, ३७५ मीटर विभेदनाचे (चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ३७५ मीटर) उष्ण बिंदू, म्हणजे आगीच्या खुणा, चढवावेत. जो करडा पट्टा अशा बिंदूंपाशी निमुळता असतो आणि वाऱ्याच्या दिशेने रुंदावत जातो, तो बहुधा धूरच असतो. दाट ढगांखालची आग मात्र या संवेदकाला दिसत नाही, त्यामुळे बिंदू नाहीत म्हणजे आग नाही, असे समजू नये.

खरी कसोटी धूर आणि ढग वेगळे ओळखण्यात आहे. ढग पांढरेशुभ्र असतात आणि त्यांच्या कडा बहुधा ठळक असतात. धूर निळसर करडा किंवा तपकिरी दिसतो, त्याच्या कडा विरत जातात आणि त्यातून खालची जमीन अंधूक दिसते. शंका उरल्यास त्याच वेळेचे अवरक्त चित्र पाहावे, कारण धुराचे सूक्ष्म कण अवरक्त किरणांना फारसे अडवत नाहीत. नैसर्गिक रंगांत स्पष्ट दिसणारा पट्टा तेथे जवळजवळ नाहीसा झाला, तर तो ढग नव्हे. पातळ धुके आणि पातळ धूर यांत अनुभवी माणसाचाही गोंधळ होतो, म्हणून एकाच चित्रावर निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही.

ध्रुवीय कक्षेतील, म्हणजे दोन्ही ध्रुवांजवळून पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह बारीक तपशील देतात, पण एखाद्या ठिकाणाचे दिवसाउजेडीचे चित्र त्यांच्याकडून साधारणपणे दिवसातून एकदाच मिळते. धुराची हालचाल पाहायची असेल, तर पृथ्वीच्या एकाच भागावर सतत नजर ठेवणाऱ्या भूस्थिर उपग्रहांकडे वळावे. अमेरिका खंडांसाठी गोज आणि पूर्व आशिया व ऑस्ट्रेलियासाठी हिमावारी हे उपग्रह दर दहा मिनिटांनी पूर्ण चकतीचे, म्हणजे त्यांना दिसणाऱ्या पृथ्वीच्या सगळ्या बाजूचे चित्र घेतात. त्यांची चलचित्रे सकाळी लवकर किंवा सूर्यास्तापूर्वी पाहावीत. सूर्य क्षितिजाजवळ असताना कणांवरून विखुरलेला प्रकाश वाढतो आणि भर दुपारी न दिसणारा विरळ धूरही उठून दिसतो.

धूर समुद्रापार गेला की नैसर्गिक रंग अपुरे पडतात. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातील वणव्यांचा धूर प्रशांत महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचला होता. अशा प्रवासासाठी सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी उपकरणाचा अतिनील एरोसोल निर्देशांक (हवेतील अतिनील किरण शोषणारे सूक्ष्म कण दाखवणारे मोजमाप) वापरावा. तो ढगांच्या वर असलेला धूरही दाखवतो, मात्र वाळवंटी धुळीलाही तसाच प्रतिसाद देतो. म्हणून त्याच्या जोडीला त्याच उपकरणाचा कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा ठेवावा: हा वायू ज्वलनातून निघतो आणि हवेत काही आठवडे टिकतो, तर धुळीबरोबर तो येत नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती उंचीबाबत. उपग्रह वरून खाली पाहतो, त्यामुळे चित्रातील धूर जमिनीलगत आहे की चार किलोमीटर उंचीवर, हे त्यावरून कळत नाही. शहरावर दाट पट्टा दिसूनही खालची हवा स्वच्छ असू शकते. म्हणूनच पट्ट्याखालच्या भूपृष्ठीय केंद्रांवरील पीएम २.५ ची, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म कणांची नोंद पाहावी, आणि धूर खरोखर त्याच वणव्यातून आला का हे तपासण्यासाठी नोआ या अमेरिकी हवामान संस्थेच्या हायस्प्लिट या संगणकीय प्रारूपात दोन-तीन वेगवेगळ्या उंचींवरून हवेचा उलटा प्रवासमार्ग काढून तो उष्ण बिंदूंशी ताडून पाहावा.